ड्रोनच्या भिंगांतील दंव व तटालगतचा एक पट्टा

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस, रीतसर परवानगी घेऊन, सह्याद्रींतील एका किल्ल्याच्या तटावरून आम्हीं ड्रोन उडविला. तटाच्या कडेनें सरळ एकच फेरी घालून जीं छायाचित्रें मिळालीं, तीं एकास एक जोडून नकाशा तयार केला. त्या नकाशांत तटाच्या आंतल्या अंगास, तटाशीं समांतर असा एक फिकट पट्टा दूरवर गेलेला दिसत होता. तटाच्या आंत दुसरी जुनी भिंत गाडली गेली असावी, किंवा पहारेकऱ्यांच्या फेरीची फरसबंदी वाट असावी, असे दोन तर्क तत्काळ निघाले. आमच्यापैकीं एका गृहस्थांनीं तर त्यावर टिपणही लिहावयास घेतलें. पुढें तीन आठवड्यांनीं त्याच जागेवर पुनः ड्रोन उडविला, तेव्हां पट्टा नव्हता. भिंत नव्हती व वाटही नव्हती. पहिल्या दिवशीं कॅमेऱ्याच्या पुढच्या कांचेवर आंतल्या बाजूनें दंव धरलें होतें, इतकाच काय तो त्या पट्ट्याचा इतिहास.

हा प्रसंग येथें सांगण्याचें कारण असें कीं, अलीकडे कागदपत्रांचा संग्रह करणारे आमचे पुष्कळ स्नेही गढ्या, वाडे, समाधि व किल्ले यांचीं चित्रें ड्रोननें घेऊं लागले आहेत, आणि भिंगांत ओल शिरली म्हणजे चित्र बिघडतें एवढेंच बहुतेकांस ठाऊक असतें. बिघडलेलें चित्र टाकून देतां येतें. त्याची भीति नाहीं. भीति आहे ती चित्र थोडेंसेंच बिघडून पुराव्यासारखें दिसूं लागलें म्हणजे.

आकाशांतून घेतलेल्या चित्रांचा इतिहाससंशोधनास होणारा उपयोग नवा नाहीं. इंग्लंडांतील स्टोनहेंज या प्राचीन शिलावर्तुळाचीं छायाचित्रें १९०६ सालीं लष्करी फुग्यांतून घेण्यांत आलीं. पुढें क्रॉफर्ड व कीलर यांनीं वेसेक्स प्रांताचीं विमानांतून घेतलेलीं चित्रें १९२८ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केलीं. या शाखेचें सारें मर्म फिकट व गडद छटांत आहे. गाडलेल्या भिंतीवर मातीचा थर उथळ असल्यामुळें तिच्यावरील पीक लवकर पिवळें पडतें. बुजलेल्या खंदकावरील पीक अधिक काळ हिरवें राहतें. जमिनीवर उभें राहून जो फरक डोळ्यांस दिसत नाहीं तो वरून दिसतो. म्हणजे आपण जो पुरावा शोधतों तो मुळांतच अंधुक असतो, आणि भिंगांतील दंव जें निर्माण करतें तेंही अंधुकच असतें. दोहोंची गांठ पडली कीं घोटाळा ठरलेला.

आतां दंव म्हणजे काय तें पाहूं. तें वरून पडतें ही समजूत फार जुनी. लंडन येथील वैद्य विल्यम चार्ल्स वेल्स यांनीं १८१४ सालीं दंवावरील आपला निबंध प्रसिद्ध करून दाखवून दिलें कीं, निरभ्र रात्रीं उघड्यावरचे पदार्थ आपली उष्णता आकाशाकडे टाकून भोंवतालच्या हवेहून थंड होतात, व त्यांना लागून असलेल्या हवेंतील बाष्प त्यांवर पाणी होऊन बसतें. ड्रोनच्या भिंगासही हाच नियम लागू आहे. हवेंत बाष्प किती राहूं शकतें हें तिच्या उष्णमानावर अवलंबून असतें: सेंटिग्रेडच्या ३० अंशांवर एका घनमीटरास सुमारें ३० ग्रॅम, २० अंशांवर सुमारें १७ ग्रॅम, १० अंशांवर ९ ग्रॅमांहून किंचित् अधिक. हवा थंड होत गेली म्हणजे एक उष्णमान असें येतें कीं तिच्यांतील बाष्प तिला पुरेपूर होतें. त्यास दंवबिंदु म्हणतात. त्याहून थंड अशी कोणतीही कांच त्या हवेंत आली कीं तिच्यावर पाणी धरावयाचेंच.

दंवबिंदु काढण्याची एक ढोबळ रीत आहे व ती जागेवर फार उपयोगी पडते. आर्द्रता शेंकडा १०० हून जितकी कमी असेल त्या आंकड्याचा पांचवा हिस्सा हवेच्या उष्णमानांतून वजा करावा. समजा, हवा २८ अंश व आर्द्रता शेंकडा ८५ आहे. १०० ला १५ कमी, त्याचा पांचवा हिस्सा ३, म्हणून दंवबिंदु २५. ज्यानें आपला कॅमेरा २२ अंशांच्या वातानुकूलित खोलींतून वा मोटारींतून काढून तडक त्या हवेंत आणला, त्याची कांच पांढुरकी झाली तर नवल नाहीं. आर्द्रता शेंकडा ५० च्या खालीं असेल तर हा हिशेब चुकतो. पण तशा कोरड्या हवेंत दंवाची चिंताही सहसा नसते.

कांचेच्या बाहेरून धरलेलें दंव मऊ फडक्यानें टिपतां येतें, व भिंग हवेच्या उष्णमानास आलें म्हणजे तें आपोआप जातें. खरा प्रश्न आंतील दंवाचा. साध्या लहान ड्रोनचा कॅमेरा हवाबंद नसतो. तो दिवसा तापतो, रात्रीं निवतो. हवा दहा अंश निवली कीं तिचें आकारमान शेंकडा तीनांहून थोडें अधिक आकसतें, आणि तेवढी बाहेरची हवा फटींतून आंत ओढली जाते. दुसऱ्या दिवशीं पुनः तसेंच. अशा रीतीनें कॅमेरा जणूं श्वास घेतो, आणि पावसाळ्यांत तो श्वास दमट असतो. शिवाय आंतील प्लास्टिक व चिकटद्रव्यें हळूहळू ओल धरून ठेवतात व तापलीं म्हणजे ती सोडतात. मोठ्या कामाच्या कांहीं ड्रोनांना पाणी व धूळ यांपासून बचावाची प्रमाणित प्रत दिलेली असते. परंतु ती बाहेरून येणाऱ्या पाण्यापुरती होय, आंत आधींच कोंडलेल्या दमट हवेवर तिचा इलाज नाहीं.

पुष्कळांची अशी समजूत असते कीं ड्रोन उंच गेला म्हणून थंडीनें भिंग धुरकटलें. ही समजूत बहुधा चुकीची आहे. आपल्या देशांत साधारणपणें जमिनीपासून १२० मीटरांपर्यंतच ड्रोन नेण्याची मुभा असते, आणि तेवढ्या उंचीनें हवा एखाद्या अंशानेंच थंड होते. पुण्याहून सिंहगडावर गेलें तर उंचीचा फरक सुमारें साडेसातशें मीटर होतो व हवा चार-पांच अंशांनीं थंड लागते. म्हणजे आपण स्वतः ड्रोन पाठीवर घेऊन चढतों तेव्हां त्याला जो थंडावा मिळतो तो उड्डाणांत मिळणाऱ्या थंडाव्याच्या चौपट-पांचपट असतो. उड्डाणांत भर पडते ती वाऱ्याची.

आमच्या बाबतींत झालें तें असें. आदल्या रात्रीं पायथ्याच्या गांवांत मुक्काम होता. पावसांत भिजलेले कपडे चुलीपाशीं वाळत टाकलेले, आणि त्याच खोलींत ड्रोनची पिशवी तोंड उघडें ठेवून भिंतीशीं टेकविलेली. ऊब व ओल दोन्ही रात्रभर आंत गेलीं. सकाळीं बुरुजावर पोंचल्यावर ड्रोन चालू करून आम्हीं पाऊण तासाचा अर्धा भाग तरी दिशा ठरविण्यांत घालविला. तेवढ्या वेळांत कॅमेऱ्याचा मागचा भाग, जेथें चित्र उमटविणारी तबकडी व तिचीं यंत्रें असतात तो, चांगलाच तापला. मग ड्रोन तटाच्या कडेवर गेला व दरींतून वर येणारा गार वारा पुढच्या कांचेस लागूं लागला. मागून ओल सुटत होती आणि पुढची कांच दंवबिंदूच्या खालीं गेली होती. कांचेच्या एका कडेस, आंतून, चंद्रकोरीच्या आकाराचा पातळ थर धरला. ड्रोन खालीं आला तेव्हां तो जवळजवळ विरला होता, म्हणून कोणाच्या लक्षांत आला नाहीं. पिशवी बंद करावयाची राहून गेली ही चूक लहान खरी. तिच्यावर उभारलेला तर्क लहान नव्हता.

त्या थरानें संपूर्ण चित्र धुरकट न होतां एका बाजूचा पट्टाच कसा उमटला, अशी शंका येईल. ड्रोनचें भिंग रुंद दृष्टीचें असतें. त्यांत पुढच्या कांचेचा प्रत्येक भाग सर्व दिशांच्या किरणांना सारखी वाट देत नाहीं. कडेच्या थरानें मुख्यतः त्या कडेकडील देखावा फिका होतो, व त्या फिकेपणास नेमकी सीमा नसते. ड्रोन तटाशीं समांतर, एकाच दिशेनें गेला. तेव्हां प्रत्येक चित्रांत त्याच बाजूस तोच फिकेपणा आला. चित्रें जोडणाऱ्या यंत्रानें तें सर्व सलग मानून जोडलें, आणि तटाशीं समांतर असा सुबक पट्टा झाला. वस्तुतः तो तटाशीं समांतर नव्हता, ड्रोनच्या मार्गाशीं समांतर होता. तो नकाशाच्या कडेलगतच होता, हीही शंकेस जागा होती. पण हवें तें दिसूं लागलें कीं शंका कोण घेतो?

येथें आमच्या वाचकांस परिचित असा एक न्याय उपयोगी पडतो. एखाद्या नक्कलकारास विशिष्ट अक्षर चुकविण्याची खोड असली, तर ती त्याच्या हातच्या प्रत्येक पोथींत दिसते, मग मूळ ग्रंथ कोणताही असो; आणि मूळ ग्रंथांतलाच पाठ असेल तर तो निरनिराळ्या नक्कलकारांच्या हातीं टिकतो. चित्रांचेंही तसेंच. ड्रोनचीं लागोपाठचीं चित्रें एकमेकांवर बरीच, बहुधा शेंकडा ७० ते ८० पर्यंत, चढलेलीं असतात. संशयास्पद खूण चित्रागणिक चौकटीच्या त्याच जागीं राहत असेल व खालची जमीन मात्र सरकत असेल, तर ती खूण भिंगाची. ती जमिनीबरोबर सरकत असेल तर जमिनीची. आम्हीं जुनीं चित्रें एकामागून एक लावून पाहिलीं, तेव्हां एक ओळखीचें आंब्याचें झाड फिकेपणांत शिरून पलीकडून स्वच्छ बाहेर पडलें. एवढी परीक्षा आधींच केली असती तर तीन आठवडे वांचते. यावरून हेंही ध्यानांत येईल कीं, जोडलेला नकाशा हातीं आला म्हणून सुटीं चित्रें पुसून टाकणें हें छापील प्रत हातीं आली म्हणून अस्सल कागद फेंकून देण्यासारखें आहे. जोडलेल्या नकाशांत चौकटी नाहींशा होतात, आणि ही परीक्षा कायमची अशक्य होते.

दोष भिंगांतच आहे असें ठरल्यावर तो नेमका कोठें आहे हें पाहावें. पुढें लावलेली गाळणकांच काढून पाहावी. पुष्कळदां ओल तिच्या व भिंगाच्या मधल्या पोकळींतच असते, व तसें असल्यास संकट किरकोळ आहे. ती काढूनही धुरकटपणा राहिला तर बारीक विजेरीचा प्रकाश तिरपा टाकून भिंगांत पाहावें. सर्वत्र सारखी मऊ छाया असेल तर तें दंव. तें कॅमेरा निवांत ठेवल्यास थोड्या वेळानें जातें. स्वतंत्र थेंब, किंवा सुकलेल्या पाण्याच्या कडा दिसत असतील तर पाणीच आंत गेलें आहे. कोळिष्टकासारखे तंतु दिसत असतील तर ती बुरशी. चित्रांत नेहमीं एकाच जागीं लहान काळे ठिपके येत असतील तर बहुधा ती तबकडीवरील धूळ होय, तिचा ओलीशीं संबंध नाहीं.

उपायांत पहिला म्हणजे बॅटरी काढणें. ओल असतां वीज चालू ठेवली कीं सांधे गंजतात, व ज्या बारीक मोटरी कॅमेऱ्यास स्थिर धरतात त्या प्रथम बिघडतात. नंतर ड्रोन, बॅटरी वगळून, सिलिका जेलच्या ताज्या दाण्यांबरोबर घट्ट झांकणाच्या डब्यांत एक-दोन दिवस ठेवावा. घाई करूं नये. केस वाळविण्याच्या यंत्राचा गरम झोत देऊं नये. त्यानें चिकटद्रव्य सुटतें आणि ओल एका कांचेवरून उठून दुसरीवर बसते. उन्हांत ठेवावयाचाच झाल्यास कोंवळ्या उन्हांत, भिंग सूर्याकडे न करतां. भिंगांतून एकवटलेलें ऊन तबकडी जाळूं शकतें. तांदुळांत पुरून ठेवण्याचा उपाय घरोघर सांगितला जातो. तांदूळ ओल फार थोडी शोषतो व त्याची पूड मात्र फटींत जाते. तो भातासाठींच ठेवलेला बरा. भिंग स्वतः उघडण्याच्या भरीस कोणीं पडूं नये. कांचांचें अंतर केसभर हललें तरी चित्राची रेखीवता जाते, आणि मोजमापाच्या कामास तो कॅमेरा निरुपयोगी होतो. थेंब वा बुरशी दिसली तर जाणत्या कारागिराकडेच द्यावा.

सिलिका जेलविषयीं दोन शब्द अधिक लिहिणें अवश्य आहे, कारण तें आतां पोथ्यांच्या कपाटांतही शिरलें आहे. फार दमट हवेंत हे दाणे आपल्या वजनाच्या सुमारें तिसऱ्या हिश्श्याइतकें पाणी शोषतात व मग थांबतात; वर्षानुवर्षें तीच पुडी ठेवणें म्हणजे रिकाम्या बंदुकीनें पहारा करणें होय. निळे दाणे ओल शोषून गुलाबी होतात. त्यांचा निळा रंग कोबाल्ट क्लोराइडचा असून तें विषारी आहे, म्हणून नारिंगीचे हिरवे होणारे दाणे पसंत करावे. सुमारें १२० अंशांच्या ओव्हनमध्यें दोन-तीन तास ठेवल्यास ते पुनः कामास येतात. मात्र कॅमेऱ्याची पेटी व पोथीची पेटी एक करूं नये. कॅमेऱ्यास शेंकडा ४० ते ५० आर्द्रता मानवते. दाणे भरमसाट घातले तर आर्द्रता त्याच्याही फार खालीं जाते, आणि अशा हवेंत कागद कडक होतो, ताडपत्र तर चिरतें. उलट पोथीच्या पेटींतील डांबराच्या गोळ्या कॅमेऱ्याजवळ नकोत. त्यांची वाफ कांचेवर व प्लास्टिकवर बसते. बुरशी मात्र दोघांची एकच वैरीण आहे. आर्द्रता शेंकडा ७० च्या वर दिवसचे दिवस राहिली कीं ती पानावर धरते तशीच भिंगावरही धरते, आणि तिच्यांतून सुटणारें आम्ल कांचेवरील पातळ लेप खातें. नंतर बुरशी पुसली तरी खाल्लेला लेप परत येत नाहीं, जसा पोथींतला झडलेला अक्षरांचा भाग परत येत नाहीं.

जलदुर्गांवर काम करणारांस आणखी एक सावधगिरी घ्यावी लागते. सिंधुदुर्ग किंवा विजयदुर्ग येथील वाऱ्यांत मिठाचे सूक्ष्म कण असतात. आर्द्रता शेंकडा ७५ च्या सुमारास गेली कीं साधें मीठ हवेंतील पाणी ओढून स्वतः विरघळतें. म्हणून कांचेवर मीठ बसलें असतां दंवबिंदूची वाटही पाहावी लागत नाहीं, त्याआधींच ओल धरते, व सुकल्यावर डाग राहतो. उड्डाण संपतांच कांच आधीं फुंकून, मग शुद्ध पाण्यानें किंचित् भिजविलेल्या फडक्यानें टिपावी. कोरड्या फडक्यानें घासलें तर मिठाचे खडे लेपावर ओरखडे काढतात.

दंव मुळांतच धरूं नये यासाठीं करावयाचें फारसें कठीण नाहीं. थंड खोलींतून निघण्यापूर्वीं ड्रोन घट्ट पिशवींत बंद करावा व बाहेर आल्यावर अर्धा-पाऊण तास पिशवी उघडूं नये. दंव धरलें तर पिशवीच्या बाहेर धरेल. पुढची गाळणकांच बसवावयाची ती कोरड्या खोलींतच बसवावी, गडावरच्या धुक्यांत नव्हे, कारण तेथें बसविल्यास धुकेंच आंत कोंडलें जातें. ओल्या गवतावरून उड्डाण करूं नये. पंख्यांचा वारा पाणी उडवून भिंगाकडे आणतो. आणि सकाळचें तिरपें ऊन छटांसाठीं कितीही मोहक असलें तरी कांच गडावरच्या हवेच्या उष्णमानास येऊं द्यावी. दंव न धरण्याचीं म्हणून जीं द्रव्यें विकतात तीं भिंगास लावूं नयेत असें आमचें मत आहे. त्यांचा थर चित्रांत आणखी एक खोटेपणा घालतो.

कांचेस ऊब देणें हा मात्र खरा उपाय आहे, व त्यास एक चांगला पूर्वदाखला आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर, १९३९ सालीं, ऑस्ट्रेलियन वैमानिक सिडनी कॉटन हे लॉकहीड १२ए जातीच्या विमानांतून गुप्तपणें छायाचित्रें घेत असत. उंचावरील थंडीनें भिंगें धुरकटत. त्यांच्या विमानाच्या तळाशीं ज्या भोंकांतून कॅमेरे पाहत, तेथून विमानांतील उबदार हवा बाहेर ओढली जाऊन भिंगांवरून वाहे व तीं स्वच्छ राहत. येथें ऊब प्रत्यक्ष कांचेस मिळत होती. आमच्या ड्रोनमध्यें ऊब मागें व थंडी पुढें अशी उलटी स्थिति झाली. नुसतें यंत्र तापविल्यानें भागत नाहीं. पुढची कांच दंवबिंदूच्या वर राहिली पाहिजे.

दुसऱ्या खेपेस आम्हीं ड्रोन रात्रभर सिलिका जेलच्या डब्यांत ठेवला, गडावर पाऊण तास बंद पिशवींत राहूं दिला, हवेचें उष्णमान व आर्द्रता टिपून घेतली, आणि एकाच फेरीऐवजीं उलटसुलट दोन फेऱ्या घातल्या, म्हणजे भिंगाचा दोष असलाच तर तो दोन विरुद्ध बाजूंस पडावा. नव्या नकाशांत तटालगत गवत, दोन-तीन कोसळलेले दगड व गुरांची एक वाट, एवढेंच आहे. पहिलीं चित्रें आम्हीं नष्ट केलेलीं नाहींत. उड्डाणाची वेळ व त्या दिवशींच्या हवेची स्थिति नोंदून, आणि ज्या चित्रांत फिकेपणा आहे त्यांचे क्रमांक देऊन, तीं दुसऱ्या चित्रांशेजारींच ठेविलीं आहेत. लिहावयास घेतलेलें टिपणही त्यांच्याबरोबर आहे. त्याच्या कर्त्यानें समासांत ‘दंव’ एवढा एकच शब्द लिहून खालीं तारीख घातली आहे.